गोमंतकाची पहिली विधानसभा-निवडणूक

१९६३ सालच्या डिसेंबर महिन्याच्या ९ तारखेस गोमंतकांत जें मतदान झालें, त्याची हकीकत बहुधा एकाच वाक्यांत सांगितली जाते : महाराष्ट्रांत विलीन व्हावें असें म्हणणारा पक्ष जिंकला, आणि होऊं नये असें म्हणणारा हरला. वाक्य खोटें नाहीं. परंतु पुढें तीन वर्षांनीं त्याच मतदारांनीं जो कौल दिला, तो या वाक्यांत कसाहि बसत नाहीं. त्या दिवशीं लोकांनीं नक्की कशास मत दिलें, हा प्रश्न म्हणूनच पुन्हा विचारावा लागतो.

निवडणूक ही गोष्ट गोव्याला अगदींच नवी होती असें नव्हे. १८२२ सालीं लिस्बनच्या विधिमंडळासाठीं गोव्यांतून प्रतिनिधि निवडले गेले, त्यांत बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह हे गोमंतकीय गृहस्थ होते. हेच गृहस्थ १८३५ सालीं गोव्याचे सर्वाधिकारी होऊन आले आणि अवघ्या सतरा दिवसांत पदच्युत झाले. १८९० च्या सप्टेंबरांत मडगांवच्या नगरपालिकेच्या निवडणुकीवेळीं चर्चसमोरील मैदानांत सैन्यानें जमावावर गोळ्या झाडल्या व माणसें मेलीं. चुरस होती, द्वेष होता, रक्तहि सांडलें होतें. नव्हता तो सामान्य माणूस. मत देण्याचा हक्क मूठभर लोकांपुरता होता, आणि सालाझारच्या राजवटींत त्या मूठभरांच्या मतालाहि अर्थ उरला नाहीं.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं पोर्तुगीज सत्ता संपली. दोन वर्षांच्या आंत संसदेनें केलेल्या कायद्यानुसार गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशास तीस सभासदांची विधानसभा मिळाली. अठ्ठावीस जागा गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. गोव्याचे तालुके तेव्हां अकरा आणि वस्ती सहा लाखांच्या आसपास. म्हणजे एका मतदारसंघांत वीस-बावीस हजार माणसें, आणि त्यांतलीं लहान मुलें वगळलीं तर मतदार त्याहून कितीतरी थोडे. अशा ठिकाणीं उमेदवार हा भिंतीवरचा कागद नसतो. त्याचें घर, त्याचें देऊळ वा चर्च, त्याच्या वडिलांचें देणेंघेणें, सगळें मतदारास ठाऊक असतें.

काँग्रेसला आपल्या यशाविषयीं शंका नव्हती. स्वातंत्र्याच्या लढ्याचें पुण्य तिच्या गांठीं होतें व दिल्लीचें राज्य तिच्या हातीं होतें. तिच्यासमोर दोन नवे पक्ष उभे राहिले, तेहि त्याच वर्षीं जन्मलेले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची निशाणी सिंह, नेते दयानंद बांदोडकर. युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा. पहिला म्हणे, आमची भाषा मराठी, आमचें स्थान महाराष्ट्रांत. दुसरा म्हणे, आमची भाषा कोंकणी, आमचें घर वेगळें राहूं द्या. तिकडे म्हैसूर राज्यहि गोव्याकडे आशेनें पाहत होतें. सभांतून, वृत्तपत्रांतून वाद झाला तो प्रामुख्यानें या विषयाचा. आणि इतिहासांत लिहून ठेवला गेला तोहि हाच.

पण पेडणें, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतल्या मतदाराच्या मनांत आणखी एक वाद चालू होता, व तो भाषेहून जुना होता. गोव्याच्या खेड्यांत जमिनीचा मालक तो भाटकार. त्याच्या बागेंत, त्याच्या परवानगीनें झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकारानें नारळाच्या झाडांची राखण करावी, बोलावतील तेव्हां कामास यावें आणि मालकाची मर्जी सांभाळावी. मर्जी गेली तर झोंपडी गेली. पिढ्यान्पिढ्या ज्या जमिनीवर चूल पेटली ती आपली नव्हे, हें त्याला रोज कळत होतें. काँग्रेसच्या व्यासपीठावर त्याला जे चेहरे दिसले, त्यांत भाटकारांचे चेहरे पुष्कळ होते. देशभक्तीविषयीं त्या मंडळींची निष्ठा खरी असेल. मुंडकाराला त्यांची दुसरी ओळख अधिक जवळची होती.

बांदोडकर स्वतः खाणमालक, संपन्न गृहस्थ. गरिबांचा पुढारी श्रीमंत असावा यांत विसंगति आहे खरी. पण ते भाटकार-कुळांतले नव्हते. उच्चवर्णीयांनीं ज्यांना कधीं पंक्तीस बरोबरीनें घेतलें नाहीं अशा समाजांतून ते वर आले होते, आणि त्यांचा हात देण्यास सैल होता. बहुजनसमाजाला ‘महाराष्ट्र’ या शब्दांत भूगोलापेक्षां निराळें कांहीं ऐकूं आलें. जेथें बहुजनांचें राज्य आहे व कुळांना कायद्याचा आधार आहे, असा तो मुलूख. विलीनीकरण म्हणजे भाटकाराच्या हातून सुटका, असा सरळ हिशेब त्यांनीं मांडला.

निकालानें सर्वांत मोठा धक्का काँग्रेसला दिला. गोव्याच्या अठ्ठावीस जागांपैकीं तिला एकहि मिळाली नाहीं. दमणची तेवढी एक हातीं लागली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास १४, युनायटेड गोवन्सला १२, बाकीच्या ३ जागा स्वतंत्र उमेदवारांना. सासष्टीनें सिक्वेरांना भरघोस साथ दिली, तर नव्या काबिजादींतल्या तालुक्यांनीं सिंहाला. स्वतंत्रांच्या पाठिंब्यानें बांदोडकर २० डिसेंबर रोजीं पहिले मुख्यमंत्री झाले. गंमत अशी, कीं ते स्वतः या निवडणुकीस उभेच राहिले नव्हते. पोटनिवडणुकींतून सभागृहांत आले ते मागाहून. पुढल्याच वर्षीं कूळकायदा झाला. खेडोपाडीं मराठी प्राथमिक शाळा निघूं लागल्या.

विलीनीकरणाचें काय, हा प्रश्न मात्र राहिलाच. विधानसभेंत बहुमत आहे तेव्हां निर्णय झाला असें सत्तारूढ पक्ष म्हणे. सरकार निवडणें निराळें आणि प्रदेश कायमचा पुसून टाकणें निराळें, असें सिक्वेरा म्हणत. अखेर संसदेनें जनमतकौलाचा कायदा केला. तो निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचें मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्यें पायउतार झालें. १६ जानेवारी १९६७ रोजीं लोकांपुढें दोनच चिन्हें होतीं : फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानें म्हणजे वेगळेपण. फुलाला १,३८,१७० मतें पडलीं, दोन पानांना १,७२,१९१.

गोव्यांत ख्रिस्ती वस्ती दोन-पंचमांशांहूनहि कमी होती. तेव्हां एवढीं मतें केवळ चर्चच्या छायेंतून येणें शक्य नव्हतें. हजारों हिंदूंनीं दोन पानांवर शिक्का मारला असला पाहिजे. वेगळेपणाचा सर्वांत धारदार प्रचार ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकानें केला, यांतहि त्याचें उत्तर आहे. महाराष्ट्रांत तेव्हां दारूबंदी होती. माडाची सूर काढून पोट भरणाऱ्या रेंदेराला ती आठवण पुरेशी होती. कूळकायदा तर पणजीच्या विधानसभेनेंच केला होता. मग त्यासाठीं मुंबईला जाण्याचें कारण काय, असा विचार कित्येकांनीं केला असल्यास तो गैर म्हणतां येणार नाहीं.

यानंतर एकाहत्तर दिवसांनीं, २८ मार्च रोजीं, विधानसभेची दुसरी निवडणूक झाली. विलीनीकरण नाकारणाऱ्या या मतदारांनीं त्याच्याच नांवानें जन्मलेल्या पक्षाला १६ जागा दिल्या. युनायटेड गोवन्स १२ वरच राहिला. बाहेरच्या निरीक्षकांना हा लहरीपणा वाटला. परंतु सत्तरीच्या मुंडकाराला त्यांत लहर कसली? १९६३ सालीं जें हवें म्हणून त्यानें सिंहावर शिक्का मारला होता, तेंच त्याला १९६७ सालींहि हवें होतें.

त्याच्या झोंपडीखालच्या जमिनीस संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा १९७५ सालीं झाला. बांदोडकर त्यापूर्वीं दोन वर्षें, १२ ऑगस्ट १९७३ रोजीं, मुख्यमंत्रिपदावर असतांनाच निवर्तले होते. कायदा झाला त्या वेळीं त्या पदावर त्यांची कन्या शशिकला काकोडकर होत्या.