अबकारीचा पैसा आणि अंदाजपत्रकाची दोन पाने

राज्याचे वार्षिक अंदाजपत्रक हे सामान्य वाचकास रुक्ष वाटणारे लिखाण होय, आणि तसे वाटण्यात त्याचा फारसा दोष नाही. परंतु पैसा कोठून आला हे जाणल्यावाचून तो कोठे गेला याचा खरा अर्थ कळत नाही, ही गोष्ट संसार चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. सरकारी जमाखर्चात मात्र जमेचे पान व खर्चाचे पान यांची गाठ क्वचितच पडते. जमेच्या पानावर ‘अबकारी’ म्हणून एक रक्कम असते, खर्चाच्या पानावर ‘शिक्षण’ म्हणून दुसरी असते. या दोन रकमांचे परस्परांशी काय नाते आहे, हा मुंबई इलाख्यातील एक जुना आणि मोठा वाद आहे. त्याचा इतिहास ध्यानी घेतल्यास आजचे अंदाजपत्रकही अधिक चांगले वाचता येईल.

या इतिहासाचा आरंभ १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून धरावयास हरकत नाही. तोपर्यंत कोकणपट्टीत भंडारी माडांची व ताडांची रस काढीत. डोंगराळ मुलखातील आदिवासी मोहाच्या फुलांची दारू आपल्या गरजेपुरती घरीच गाळीत. नव्या व्यवस्थेने गाळणे व विकणे ही दोन्ही सरकारी परवान्याच्या आणि मक्त्याच्या कक्षेत आणली. १८९२ च्या कायद्याने तर मोहाच्या फुलांवरही निर्बंध आला. कर चढवावा म्हणजे खप कमी होईल आणि उत्पन्न मात्र वाढेल, असे या धोरणाचे समर्थन केले जाई. टीकाकारांचे उत्तर साधे होते : ज्या दुकानाच्या खपावर खजिना पोसला जातो, ते दुकान बंद पडावे असे त्या खजिन्याच्या धन्यास मनापासून कसे वाटेल?

महाराष्ट्रातील सुधारकांनी हा प्रश्न फार लवकर हेरला. रयतेकडून वसूल होणारा पैसा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे मांडली. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. त्या चळवळीचा बाह्य विषय व्यसन हा असला, तरी तिचा रोख सरकारच्या जमेच्या पानावरही होता.

१९२१ पासून द्विदल राज्यपद्धती आली, आणि ही गाठ अधिकच घट्ट झाली. प्राप्तीकर वरिष्ठ सरकारकडे गेला. जमीन महसूल, अबकारी व मुद्रांक ही प्रांतांची मुख्य साधने राहिली. शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती ‘सोपीव’, म्हणजे लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती दिलेली होती. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग खुला झाला. परंतु मार्ग खुला होणे निराळे आणि वाटखर्चाची सोय होणे निराळे. इलाख्याच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा अबकारीतून येत असे. त्यामुळे शाळा वाढवू इच्छिणाऱ्या मंत्र्यास गुत्त्यांकडे डोळेझाक करणे भाग पडे.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली आणि बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. दारूबंदीचे वचन पाळावयाचे, तर शाळांस पैसा कोठून आणावयाचा? गांधीजींना तर दारूच्या उत्पन्नावर मुलांचे शिक्षण चालावे हीच लाजिरवाणी गोष्ट वाटे. शिक्षण हस्तोद्योगाच्या द्वारे द्यावे, म्हणजे शाळा आपला भार बऱ्याच अंशी आपणच उचलील, असा तोडगा त्यांनी सुचविला. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेत त्याचीच चर्चा झाली. अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांची वाट निराळी होती. १९३९ मध्ये त्यांनी मुंबई व अहमदाबाद येथील स्थावर मिळकतीवर शेकडा दहाचा कर बसविला, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. मद्याचा व्यापार आणि घरांची मालकी या दोन्हींशी संबंध असलेल्या पारशी समाजात त्यामुळे मोठी नाराजी पसरली. आणि दारूबंदीचे खाते सांभाळणारे डॉ. गिल्डर स्वतः पारशीच होते!

या दोन वाटांतील भेद केवळ हिशेबाचा नाही. एका वाटेने खोट भरून काढण्याचा काही भार मुलांच्या हातांवर पडतो. दुसऱ्या वाटेने तो घरमालकांच्या भाड्यावर पडतो. लठ्ठ्यांचा मार्ग अप्रिय होता, पण तोच अधिक न्याय्य होता असे आम्हांस वाटते. कारण ज्याची ऐपत आहे त्याने द्यावे, हे करशास्त्राचे पहिले सूत्र त्यात पाळले गेले होते.

मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला आणि तो प्रयोग अपुराच राहिला. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी विक्रीकर आला. दारूबंदीमुळे बुडणाऱ्या उत्पन्नास पर्याय शोधणे हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० मध्ये बंदी राज्यभर लागू झाली. चोरट्या भट्ट्या मात्र थांबल्या नाहीत. १९६० मध्ये राज्याची विभागणी झाल्यावर गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने ती त्याच दशकात सैल करावयास आरंभ केला.

येथेच या इतिहासातील मर्माची गोष्ट आहे. दारूचे उत्पन्न सोडावयाचे म्हणून जो कर बसविला, तो दारूचे उत्पन्न परत आल्यावरही उठला नाही. त्याचा भार नित्याच्या अनेक वस्तू घेणाऱ्या सर्व गृहस्थांवर राहिला आणि अबकारीही खजिन्यात येऊ लागली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने विक्रीकराचा बहुतेक प्रांत व्यापला. परंतु पिण्याच्या मद्यास त्यातून वगळण्यात आले, कारण राज्यांस हे हुकमी उत्पन्न आपल्या हाती हवे होते. मे २०२० मध्ये टाळेबंदी चालू असतानाच दारूची दुकाने उघडू लागली, तेव्हाही राज्यांच्या तिजोरीची निकड लपून राहिली नव्हती.

दारूबंदी व्यवहार्य आहे की नाही, हा येथे प्रश्न नाही. त्याविषयी सुज्ञांत मतभेद आहेत व राहतील. आमचे म्हणणे एवढेच की, दरवर्षी अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा शाळेस किती मिळाले एवढेच विचारून थांबू नये. ते कोणाच्या खिशातून आले, हेही विचारावे. मजुराच्या घरातून गुत्त्यात गेलेला रुपया त्याच्याच मुलाच्या शाळेत परत आला, तर त्यास लोककल्याण म्हणावे की नुसता हातबदल, याचा निर्णय जमाखर्चाचे शास्त्र देणार नाही. तो नागरिकांनीच करावयाचा आहे.