गुरूवाचून वाद्य : पेटीपासून गिटारपर्यंत

गुरूवाचून विद्या नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाद्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे मानले जाते. पण आज खेड्यातला एखादा मुलगा कुठून तरी गिटार मिळवतो, शिकवणारा चार कोसांत कोणी नसतो, आणि मोबाइलवर बघत बघत तो एकटाच तारा छेडू लागतो. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "असं कुठं वाद्य येतं का?" शाळेतल्या गुरुजींनाही प्रश्न पडतो, की या मुलाला उत्तेजन द्यावे की अडवावे? श्रोतेहो, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. गेली सव्वाशे-दीडशे वर्षे महाराष्ट्र त्याचे उत्तर शोधतो आहे, आणि त्या शोधाची हकीगत मोठी उद्बोधक आहे.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की लोणी काळभोर लागते. तुकोबारायांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून निघाली, की पुढचा मुक्काम या गावी करते. दिंडीत विणेकरी असतो, पखवाजी असतो, टाळकरी तर रांगेने असतात. यांतल्या किती जणांनी टाळ किंवा पखवाज 'शिकवणी' लावून शिकला असेल? फार थोड्यांनी. पोर आधी बापाच्या शेजारी उभे राहते, हाताने ठेका धरते, मग कोणी तरी त्याच्या हातात टाळ देतो. चुकले तर शेजारचा वारकरी नुसते पाहतो, आणि तेवढ्याने पोर सुधारते. त्याला नेमून दिलेला गुरू कोणी नाही, पण ते एकटेही नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

याच गावात, मुळा-मुठेच्या काठी, राज कपूर यांची राजबाग होती. १९७८ साली पडद्यावर आलेल्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्' या चित्रपटाचे चित्रण तेथे झाले. आज त्या जागी विद्यापीठ उभे आहे, आणि इतर विद्यांबरोबर तेथे संगीतही शिकवले जाते. म्हणजे ऐकून शिकण्याची जुनी वाट आणि वर्गात बसून शिकण्याची नवी वाट, दोन्ही एकाच गावच्या शिवारात आहेत. या दोहोंच्या मधे एक तिसरी वाट आहे, आपले आपण शिकण्याची. आजचा विषय तोच.

पूर्वी शास्त्रोक्त संगीत शिकायचे म्हणजे काय दिव्य होते, हे आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटणार नाही. गुरूच्या घरी राहायचे, पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे, आणि बुवांची किंवा खाँसाहेबांची मर्जी लागली तर एखादी चीज पदरात पडायची. गंडा बांधल्याशिवाय विद्या नाही. लिहून घ्यायची सोय नाही, कारण सारे तोंडी. या पद्धतीने थोर कलावंत घडले, यात शंका नाही. पण ज्याला घर सोडता येत नाही, ज्याच्या गावात गवई नाही, ज्याच्या जातीला किंवा ज्या मुलीला कोणी समोर बसवूनच घेत नाही, त्याला दार बंद होते. हे दार किलकिले झाले ते एका परदेशी पेटीमुळे.

हार्मोनियम हे वाद्य मूळचे फ्रान्समधले. आलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले. पायाने भाता मारायचे ते वाद्य टेबलाएवढे होते. पुढे कलकत्त्यात त्याला हाताचा भाता बसला, आणि जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी आपली पेटी तयार झाली. मराठी नाटक मंडळ्यांनी तिला उचलून धरले. नाटकातून ती कीर्तनात गेली, भजनी मंडळांत गेली, शाळेच्या प्रार्थनेत गेली. गायकाची पट्टी सांगायची झाली तरी आपण 'काळी एक', 'पांढरी चार' असे पेटीच्या भाषेत सांगू लागलो.

पेटीच इतकी का रुजली? कारण साधे आहे. सतारीचे सूर आधी लावावे लागतात, आणि सूर लावायला कान आधी तयार पाहिजे. नवख्याची गाडी तेथेच अडते. पेटीचे सूर कारखान्यात लागलेले असतात. पट्टी दाबली, भाता हलवला, की स्वर हजर. बारा स्वर डोळ्यांसमोर ओळीने मांडलेले. ऐकलेली चाल बोटाने चाचपडत शोधता येते, आणि चुकले तर चुकले हे लगेच ऐकू येते. एकट्याने शिकणाऱ्याला याहून मोठी मदत कोणती?

या वाटेने किती दूर जाता येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे गोविंदराव टेंबे. त्यांचा जन्म १८८१ सालचा, आणि ते वाढले कोल्हापुरात. पेटी ते बव्हंशी आपली आपणच शिकले. सुरुवातीच्या शिक्षणाचे श्रेय त्यांनी कोल्हापूरच्या देवल क्लबाला दिले आहे. भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ हे दोन महान गायक. यांपैकी अल्लादियाखाँनी त्यांना रीतसर समोर बसवून शिकवले नाही. टेंब्यांनी त्यांचे गाणे ऐकले, पुन्हा पुन्हा ऐकले, आणि गळ्यातले बोटांत उतरवले. पुढे १९११ साली 'मानापमान' नाटक रंगभूमीवर आले, त्याच्या पदांना चाली दिल्या त्या टेंब्यांनी. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट निघाला, त्याचे संगीत त्यांचे आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. १९५५ साली ते वारले. आपण कसे शिकलो हे त्यांनी 'माझा संगीत-व्यासंग' या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

आता येथे घाईने निष्कर्ष काढू नये. टेंबे स्वतः शिकले हे खरे, पण कोठे शिकले? ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँ राहत होते, त्या गावात. पेटी त्यांची स्वतःची, बोटे स्वतःची, पण कानाला मिळालेला खुराक अव्वल दर्जाचा होता. दिंडीतल्या पोराला शेजारी टाळकरी होता, टेंब्यांच्या शेजारी भास्करबुवा होते.

मग ज्याच्या गावी भास्करबुवा नाहीत त्याने काय करावे? त्याच्यासाठी दोन विष्णूंनी कंबर कसली. विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. फी भरावी, वर्गात बसावे, पुस्तक उघडावे, परीक्षा द्यावी, अशी ही शाळा. दुसरे विष्णू नारायण भातखंडे, मुंबईचे वकील. त्यांनी देशभर हिंडून, मोठमोठ्या गवयांची मनधरणी करून शेकडो चिजा मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापून टाकल्या. विशेष म्हणजे हे काम त्यांनी मराठीत केले.

चिजा छापायच्या तर स्वर लिहायची रीत हवी. भातखंड्यांची रीत इतकी सोपी आहे की पाचवीतले मूल ती एका आठवड्यात शिकेल. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, वरच्या सप्तकातल्या स्वरावर टिंब. समेला गुणिलेची खूण, खालीला शून्य. बस्स! एवढ्या सामग्रीवर जी विद्या पूर्वी सेवा केल्याशिवाय दृष्टीस पडत नसे, ती टपालाने गावोगाव जाऊ लागली. काही गवयांना हे रुचले नाही. कागदावर स्वर येतात, पण गाणे येत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य होते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत कसे जायचे, कुठे थांबायचे, हे टिंबा-रेघांत मावत नाही.

ही उणीव भरून काढली ती ध्वनिमुद्रिकेने, आणि मग रेडिओने. बेळगावाजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा थोर गायकांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. तोच पुढे कुमार गंधर्व म्हणून गाजला. पण त्यानंतर काय घडले तेही पाहावे. अशी हुबेहूब नक्कल साधलेल्या या मुलाला मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकायला पाठवण्यात आले. का? नक्कल येणे आणि आपले गाणे येणे यांत अंतर असते, आणि ते अंतर दाखवायला समोर माणूस लागतो.

रेडिओचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या पेटीने खेड्यापाड्यांत संगीत पोचवले, त्याच पेटीला १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर बंदी होती. बंदीची कारणे निव्वळ हट्टाची नव्हती. पेटीचे स्वर पायरीसारखे असतात, एकावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते, म्हणून मींड निघत नाही. शिवाय तिचे स्वर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेले, त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पण परिणाम असा झाला, की खेड्यातला माणूस जे वाद्य वाजवत होता, ते शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात त्याला रेडिओवर ऐकू येईना. ही बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली. आज पेटी साथीला सर्वत्र दिसते. वाद चूक की बरोबर, हे जाणत्यांनी ठरवावे. आपण एवढेच शिकावे, की जे वाद्य स्वर तयार देते, ते कानाला थोडे आळशीही करते.

आता आपला गिटारवाला मुलगा. त्याचे वाद्य पेटी आणि सतार यांच्या मधोमध बसते. गिटारीच्या दांडीवर पडदे पक्के बसवलेले असतात, म्हणजे पेटीसारखे बारा स्वर तयार. पण तारा मात्र रोज लावाव्या लागतात, म्हणजे सतारीसारखी कानाची मेहनत. हे लावणे आपल्या सरगमीत सांगता येते. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तो सा धरा. त्यापुढची तार शुद्ध मध्यम, तिसरी कोमल निषाद, चौथी वरच्या सप्तकातला कोमल गंधार, पाचवी त्याच सप्तकातला पंचम, आणि सर्वांत बारीक तार पुन्हा सा, पहिल्याच्या दोन सप्तके वर. जुळवण्याची युक्तीही सोपी. जाड तार पाचव्या पडद्यावर दाबा, तो स्वर पुढच्या मोकळ्या तारेशी मिळाला पाहिजे. असेच पुढे जायचे. फक्त चौथ्या तारेवरून पाचवी लावताना पाचव्याऐवजी चौथा पडदा धरायचा.

मग एकाच तारेवर सरगम काढावी. मोकळी तार सा. दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी आणि बाराव्यावर वरचा सा. ज्याला शाळेच्या प्रार्थनेची चाल येते, त्याला ती या आठ जागांवर किंवा त्यांच्या मधल्या पडद्यांवर सापडेल. पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात, तार दबत नाही, आवाज खरखरतो. हे सर्वांनाच होते. रोज पाव तास बसणारा महिन्याभरात पुढे सरकतो, आणि रविवारी एकदाच तीन तास बसणारा बोटे सोलून घेतो. पहिल्याच दिवशी सिनेमातले गाणे वाजवण्याचा हट्ट मात्र धरू नये.

गिटार आपल्या संगीताला परकी आहे, असेही कोणी म्हणेल. त्याला उत्तर राजस्थानातल्या ब्रिजभूषण काब्रा यांनी दिले. गिटार आडवी मांडीवर घेऊन, तारेवर धातूचा तुकडा सरकवत, त्यांनी तीवर मींड काढली आणि राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली, ती आजही लोक ऐकतात. काब्रांनाही अलीअकबरखाँसारखे गुरू होतेच.

तर मग गुरूवाचून वाद्य येते का? इतिहास सांगतो, की सुरुवात येते, आणि पुष्कळ दूरवर जाताही येते. पण ऐकायला चांगले हवे आणि ऐकणारे कोणी तरी हवे. आपल्या बोटाची चूक आपल्याला ऐकू येईनाशी होते, कारण रोज तीच ऐकून कान तिला सरावतो. खोड जुनी झाली की काढणे कठीण. मोबाइलवरचा मास्तर हवा तितक्या वेळा सांगेल, न रागावता सांगेल, पण तुमचे वाजवणे तो ऐकत नाही. भातखंड्यांच्या पुस्तकालाही हीच मर्यादा होती.

यासाठी गावातल्या शिक्षकाला गिटार येण्याची मुळीच गरज नाही. आठवड्यातून एकदा त्या मुलाला मधल्या सुट्टीत वाजवायला सांगावे आणि शांतपणे ऐकावे. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला बोलवावे. सूर उतरला, लय पळाली, हे त्याला चटकन कळेल, मग हातातले वाद्य कोणतेही असो. मुलाला भजनात साथीला बसवले तर फारच उत्तम, कारण टाळ त्याची लय धरून ठेवील. मुलगी असेल तर तिलाही तितक्याच आपुलकीने बसवावे. शिकवायला आपल्याकडे कोणी नाही ही तक्रार अनेक गावांत खरी असेल. पण ऐकायला कोणी नाही, असे गाव महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे.