वाकलेलं भिंग, सरळ इमारती

जुन्या घरांच्या भिंतीवर टांगलेला एक फोटो आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. मधोमध खुर्च्यांवर आजी-आजोबा, मागे ओळीनं उभी मुलं-सुना, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली नातवंडं. हा फोटो काढणारा छायाचित्रकार तिपाईवर लाकडी कॅमेरा मांडायचा आणि डोक्यावर काळा कपडा ओढून बराच वेळ आत काहीतरी करत राहायचा. "हलू नका" एवढंच बाहेर ऐकू यायचं. आत तो नेमकं काय करतो आहे, हे विचारायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नसे.

तो आत जे करत होता, त्यातलाच एक भाग पुढे दोन हजार डॉलरच्या लेन्समध्ये जाऊन बसला. नंतर तोच दोनशे डॉलरच्या लेन्समध्ये आला आणि अखेर फोनमधल्या फुकटच्या बटणापर्यंत पोहोचला. आज त्याला 'टिल्ट-शिफ्ट' म्हणतात. टिल्ट म्हणजे भिंग कलवणं आणि शिफ्ट म्हणजे ते बाजूला किंवा वर-खाली सरकवणं. एक साधी, सर्वांच्या हातातली युक्ती दुर्मीळ कशी झाली, महाग कशी झाली आणि पुन्हा स्वस्त होताना तिचा उपयोगच कसा पालटला, याचा हा इतिहास आहे.

भात्याची करामत

जुन्या लाकडी कॅमेऱ्याचे तीन भाग असत. पुढे भिंग बसवलेली पाटी, मागे घासलेली काच आणि दोहोंच्या मध्ये चामड्याचा किंवा कापडाचा भाता. भाता लवचिक असल्यामुळे पुढची पाटी वर-खाली सरकवता येई आणि अनेक कॅमेऱ्यांत मागची पाटी थोडी कलवताही येई. या हालचाली चैनीसाठी नव्हत्या. रोजच्या दोन अडचणींवरचे ते उपाय होते.

पहिली अडचण उंच इमारतींची. देवळाचा कळस चौकटीत यावा म्हणून कॅमेरा वर रोखला, की भिंती आत झुकतात आणि देऊळ मागे कोसळतंय असं वाटतं. कारण एवढंच, की आतली काच आता भिंतीला समांतर राहिलेली नसते. उपाय असा, की कॅमेरा सरळच ठेवायचा आणि फक्त भिंग वर सरकवायचं. कळस चौकटीत येतो आणि भिंतीही ओळंब्यात राहतात.

दुसरी अडचण आपल्या त्या कुटुंबाच्या फोटोतलीच. पुढची नातवंडं जवळ आणि खाली, मागचे काका लांब आणि उंच. दोन्ही ओळी एकदम स्पष्ट कशा यायच्या? मागची पाटी किंचित कलवली, की स्पष्टतेची पातळीही कलते आणि नातवंडांच्या चेहऱ्यांपासून काकांच्या पगडीपर्यंत तिरकी जाते. काळ्या कपड्याखाली चाललेली खटपट बरेचदा हीच असे.

आपल्याकडे ही कला फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक हौशी छायाचित्रकार. १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंची छायाचित्रं काढण्याचं काम दिलं. पुढे राजा दीनदयाळ यांनी मध्य भारतातल्या वास्तूंची जी छायाचित्रं काढली, ती लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ग्रंथात आली. दीनदयाळांनी १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ काढला. वास्तूचं छायाचित्र ही त्या काळी एक प्रकारची नोंद होती, आणि नोंदीत भिंत वाकडी असून चालत नसे.

हा कॅमेरा फक्त परदेशातूनच येत असे असंही नाही. १९४० च्या दशकात केरळातल्या आलप्पुळा गावी के. करुणाकरन यांनी 'वागीश्वरी' नावाचा सागवानी कॅमेरा बनवायला सुरुवात केली. घरचा व्यवसाय वाद्यांचा. एका स्टुडिओच्या कॅमेऱ्याचा फाटका भाता दुरुस्तीला आला. पेटीचा भाता करणाऱ्या हातांना कॅमेऱ्याचा भाता जड जाणार नव्हता! त्यातूनच पुढे अख्खा कॅमेरा तयार झाला. भिंग बाहेरचं, बाकीचं बहुतेक सारं इथलं. हार्मोनियमच्या भात्यातून कॅमेरा जन्माला आल्याची ही हकिगत आपल्याला जवळची वाटावी अशीच आहे.

फुग्यातून नकाशे

ही युक्ती कारागिरांच्या हातात होती, पण तिचा नियम कागदावर मांडला गेला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. फ्रान्सच्या ज्यूल कार्पाँतिए यांनी १९०१ मध्ये तिरक्या फोटोतला दोष मोठी प्रत काढताना सुधारणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचा आधार घेऊन ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लूग यांनी १९०४ मध्ये ब्रिटनमध्ये आपलं पेटंट नोंदवलं. त्यात त्यांनी कार्पाँतिए यांचं ऋणही मान्य केलं आहे. शाइमफ्लूगना हवे होते नकाशे. आकाशातल्या फुग्यातून काढलेले फोटो तिरके येत. ते सरळ करून त्यांवरून जमिनीची मापं घेता यावीत, हा त्यांचा ध्यास होता. १९११ साली, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी ते वारले.

त्यांचं नाव लागलेला नियम समजायला सोपा आहे. एका पुस्तकाची तीन पानं उघडी धरा. एक पान म्हणजे फिल्म, दुसरं म्हणजे भिंग, तिसरं म्हणजे समोरची स्पष्ट दिसणारी पातळी. तिन्ही पानं पुस्तकाच्या एकाच कण्याला शिवलेली असतात. तसंच भिंग कलवलं, की या तीन पातळ्या एकाच रेषेत मिळतात. भिंग जमिनीच्या बाजूला योग्य तेवढं झुकवलं, की पायाशी असलेल्या गवतापासून दूरच्या डोंगरापर्यंत अख्खं रान स्पष्ट होतं. उलट्या बाजूला झुकवलं, की स्पष्टतेचा एक अरुंद पट्टा उरतो आणि वर-खाली सारं धूसर होतं. सगळ्यांना दिसावं म्हणून केलेली युक्ती उलटी फिरवली, की तीच बरंचसं झाकूनही टाकते. ही दुसरी बाजू तेव्हा कुणाच्या फारशा कामाची नव्हती.

लहान कॅमेरा आला, भाता गेला

१९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत मेळ्यात लायका कॅमेरा लोकांसमोर आला आणि छायाचित्रण खिशात मावू लागलं. माणसं चालताना, हसताना, भांडताना टिपता येऊ लागली. पण या लहान कॅमेऱ्यात भिंग घट्ट बसवलेलं होतं. भाता गेला आणि त्याबरोबर कलवणं-सरकवणंही गेलं. जी सोय गावोगावच्या स्टुडिओवाल्याला होती, ती नव्या हौशी छायाचित्रकाराला उरली नाही. त्याला याची खंतही नव्हती, कारण असं काही असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

ज्यांना ठाऊक होतं, ते मोठा कॅमेरा वाहत राहिले. इथं अमेरिकेत बेरेनिस ॲबट यांनी १९३५ ते १९३९ या काळात सरकारी कला-योजनेखाली बदलत्या न्यूयॉर्कची छायाचित्रं काढली, ती बरीचशी आठ बाय दहा इंचांच्या कॅमेऱ्यानं. मंदीतून सावरणाऱ्या शहराचे जुने वाडे पडत होते, नवे मनोरे उभे राहत होते. ते शहर पुढच्या पिढ्यांना जसं होतं तसं दिसावं, यासाठी हा जड संसार खांद्यावर घेऊन त्या गल्लोगल्ली फिरल्या.

हरवलेली सोय लहान कॅमेऱ्यात परत आणली जपानी कंपन्यांनी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला निकॉननं ३५ मिलिमीटरची सरकणारी लेन्स काढली. ती अकरा मिलिमीटरपर्यंत सरकत असे. १९७३ मध्ये कॅननची लेन्स आली, ती सरकतही होती आणि आठ अंशांपर्यंत कलतही होती. १९९१ मध्ये कॅननने २४, ४५ आणि ९० मिलिमीटरच्या तीन लेन्स एकदम बाजारात आणल्या.

या लेन्स महाग का? साधं भिंग आपल्या फिल्मपुरतंच गोल चित्र पाडतं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर, म्हणजे तेवढ्या व्यासाचं चित्र पुरतं. पण भिंग सरकवायचं असेल तर चित्र बरंच मोठं हवं, नाहीतर कोपरे काळे पडतील. मोठं चित्र म्हणजे मोठ्या काचा, त्यावर सरकणारं आणि कलणारं अचूक यंत्र, आणि गिऱ्हाईक मोजकं. २००९ मधली कॅननची सुधारित २४ मिलिमीटर लेन्स दोन हजार डॉलरच्या घरात होती. ज्यांना इमारतींच्या फोटोंचे पैसे मिळत, तेच ती घेऊ शकत.

व्हॅक्युम क्लीनरची नळी

मग परवडणाऱ्या वाटा शोधणारे पुढे आले. सोव्हिएत काळापासून कीवच्या आर्सेनल कारखान्यात मोठ्या फिल्मचे कॅमेरे बनत. त्यांच्या सहा बाय सहा सेंटिमीटर चौकटीसाठी जवळजवळ ८० मिलिमीटरचं चित्र लागे. म्हणजे तिथली स्वस्त जुनी भिंगं लहान कॅमेऱ्याला लावली, तर कलवायला-सरकवायला भरपूर जागा! या हिशोबावर युक्रेनमध्ये स्वस्त टिल्ट-शिफ्ट लेन्स तयार झाल्या, आणि हौशी मंडळींनी घरच्या घरीही प्रयोग केले. कुणी तर न्हाणीघरातल्या रबरी प्लंजरचाच भाता केला.

ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या क्रेग स्ट्राँग यांनी जुनं भिंग आणि व्हॅक्युम क्लीनरची नळी जोडून सुरुवात केली. त्यातून २००४ मध्ये 'लेन्सबेबी' बाजारात आली. किंमत शंभर डॉलरच्या आसपास. ती बोटांनी दाबून वाकवायची. तिच्यात खऱ्या टिल्टसारखी सपाट पातळी मिळत नाही, मधला एक ठिपका स्पष्ट आणि भोवती सारं विरघळलेलं, असं चित्र येतं. वास्तुविशारदाच्या ती काही कामाची नव्हती. पण ज्यांनी आयुष्यात कधी भिंग वाकवलं नव्हतं, त्यांच्या बोटांत ती हालचाल परत आली. पेटीच्या भात्यापासून निघालेली गोष्ट अशी पुन्हा नळीपाशी येऊन पोहोचली.

पुढे कोरियाच्या सामयांग कंपनीची २४ मिलिमीटरची टिल्ट-शिफ्ट लेन्स २०१३ मध्ये आली, मोठ्या कंपन्यांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत. २०२२ मध्ये चीनच्या टीटीआर्टिझननं फक्त कलणारी ५० मिलिमीटरची लेन्स सुमारे दोनशे डॉलरना दिली. ती सरकत नाही, त्यामुळे मनोरे सरळ करत नाही. पण कलवण्याचा सारा खेळ तिच्यात आहे.

खेळण्यातलं शहर

किंमत उतरत होती त्याच काळात उपयोगही पालटला. इटलीचे ओलिव्हो बार्बिएरी यांनी २००३ च्या सुमारास हेलिकॉप्टरमधून शहरांची छायाचित्रं काढायला घेतली आणि भिंग मुद्दाम 'चुकीच्या' बाजूला कलवलं. २००४ मधलं त्यांचं रोम पाहा. कोलोसियम म्हणजे जणू पुठ्ठ्याचं मॉडेल, मोटारी खेळण्यातल्या, माणसं दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या चित्रांएवढी!

असं का दिसतं? एखादी वस्तू आपण अगदी जवळून पाहतो, तेव्हाच तिच्या मागचं-पुढचं इतकं धूसर होतं. एवढी धूसरता म्हणजे वस्तू जवळ आणि लहान, असं मन ठरवून टाकतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या संशोधकांनी २०१० मध्ये हा परिणाम प्रयोगांनी तपासून मांडला. त्याच वर्षी 'द सोशल नेटवर्क' चित्रपटातल्या हेन्ली इथल्या होड्यांच्या शर्यतीत ही खेळण्यासारखी दृश्यं जगभर पोहोचली. सॅम ओहेअर यांची न्यूयॉर्कवरची 'द सँडपिट' ही छोटी फिल्मही २०१० चीच. तिच्यातली धूसरता मात्र लेन्सची नव्हती, नंतर संगणकावर दिलेली होती. आणि मग फोनवर बोट फिरवून असा पट्टा कुणालाही मिळू लागला.

इथं शाइमफ्लूग आठवतात. तेही आकाशातूनच खाली पाहत होते, पण खालची जमीन अचूक दिसावी म्हणून. शंभर वर्षांनी त्याच नियमानं तीच जमीन खोटी वाटू लागली. दोन्ही फोटो एका अर्थी खरेच. फरक भिंगाचा नाही, कलवणाऱ्याच्या हेतूचा आहे.

स्वस्ताईनं काय दिलं, काय नेलं

महाग लेन्स घेणाऱ्याला चूक परवडत नाही. दोन हजार डॉलर घातले की ते वसूल व्हावे लागतात, म्हणून तो इमारती सरळ करत राहतो. शंभर-दोनशे डॉलरची लेन्स घेणारा ती वाकडी करून बघतो, आणि नवं काही पुष्कळदा असं वाकडं करूनच सापडतं. स्वस्ताईनं ही मोकळीक दिली.

पण फुकटच्या बटणानं एक गोष्ट नेलीही. बटण फोटो काढून झाल्यावर चित्राच्या वर-खाली धूसर पट्टे ओढतं. उंच मनोऱ्याचं टोक आणि त्याचा पाया खरं तर सारख्याच स्पष्टतेचे असू शकतात, हे त्याला कळत नाही. आणि गवतापासून डोंगरापर्यंत सारं एकदम स्पष्ट करणं तर त्याला जमतच नाही. जे धूसर टिपलं गेलं, त्यातला हरवलेला तपशील नंतरच्या पट्ट्यांनी परत येत नाही. त्यासाठी फोटो काढण्याआधीच ठरवावं लागतं, की मला काय स्पष्ट हवं आहे आणि ती पातळी कुठून कुठे जाते. काळ्या कपड्याखालचा माणूस नेमकं हेच ठरवत होता.

म्हणून कुणाला हा छंद लागला, तर आधी जुनी स्वस्त कलणारी लेन्स शोधावी, कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि भिंग हळूहळू दोन्ही बाजूंना झुकवून पाहावं. आधी सगळ्या ओळी स्पष्ट करायला शिकावं, शहराचं खेळणं मग खुशाल करावं. घरच्या जुन्या फोटोतले सगळे चेहरे, पुढच्या बाळापासून मागच्या काकांपर्यंत, आजही ओळखू येत असतील, तर कुणीतरी दोन मिनिटं जास्त घेऊन ती पाटी नीट कलवली होती, एवढं जरूर लक्षात ठेवावं.