थायलंडचे लाल शर्ट आणि आपला भूमिहीनांचा सत्याग्रह

मागच्या वर्षावासात संगमनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर धम्मवर्ग घेत होते. विहारातली बुद्धमूर्ती थायलंडहून दान आलेली आहे. वर्ग संपल्यावर अकरावीतल्या एका मुलाने विचारलं, "ताई, थायलंड बौद्ध देश आहे ना? मग तिथं लष्कर सारखं सरकार का पाडतं?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागे बसलेल्या आजी बोलल्या, "आमचे सासरे जमिनीसाठी जेलात गेले होते. आपल्याकडं लष्कर नाय आलं, पण जमीन बी नाय आली."

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आजींच्या वाक्यात आहे, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

आधी थायलंड. तिथे जुन्या काळी 'सकदिना' नावाची व्यवस्था होती. प्रत्येक माणसाला जमिनीच्या मापात एक आकडा दिलेला असे. दासाला ५, साध्या रयतेला १० ते २५, सरदारांना ४०० आणि त्याहून वर. माणसाची किंमत जन्माने आणि दर्जाने ठरायची. साध्या रयतेला 'फ्राय' म्हणत. तिला राजासाठी, सरदारासाठी वेठबिगार करावी लागे. गावकीची कामं रात्रंदिवस करणाऱ्या आणि त्यालाच वतन म्हणणाऱ्या समाजातून आपण आलो आहोत. 'फ्राय' म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

२४ जून १९३२ ला तिथली अनियंत्रित राजेशाही संपली. त्या क्रांतीतले एक प्रमुख नेते प्रिदी फनोम्योंग हे पॅरिसमध्ये शिकलेले कायदेपंडित. त्यांनी १९३३ मध्ये योजना मांडली की सरकारने जमीन विकत घ्यावी आणि शेती सरकारी व्यवस्थेत आणावी. त्यांना कम्युनिस्ट ठरवून काही काळ देशाबाहेर पाठवण्यात आलं. तेव्हापासून आजपर्यंत तिथे डझनभर लष्करी उठाव यशस्वी झाले आहेत.

२००१ मध्ये थाकसिन शिनावात्रा निवडून आले. ते स्वतः अब्जाधीश, कसले क्रांतिकारक! पण ३० बातमध्ये दवाखाना आणि गावागावाला कर्जनिधी ही कामं त्यांनी केली. उत्तरेतल्या आणि ईशान्येतल्या गरीब शेतकऱ्याला पहिल्यांदा वाटलं की आपल्या मताने काहीतरी मिळतं. १९ सप्टेंबर २००६ ला लष्कराने त्यांना काढलं. त्यांच्या विरोधातले पिवळे शर्टवाले मुख्यतः बँकॉकच्या मध्यमवर्गातले. २००८ मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांनी मागणी केली की संसदेत ७० टक्के लोक नेमलेले असावेत आणि ३० टक्केच निवडलेले. कारण काय? खेड्यातला माणूस अडाणी आहे, पैसे घेऊन मत देतो!

हे वाक्य आपण ऐकलेलं आहे ना? संगमनेरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकलेलं आहे.

लाल शर्टवाले २०१० मध्ये बँकॉकमध्ये आले, तेव्हा त्यांनी 'आम्ही फ्राय आहोत' असं अभिमानाने छातीवर लिहिलं. ज्या शब्दाने हिणवलं, तोच शब्द त्यांनी झेंडा केला. 'दलित' शब्दाचं आपल्या पँथरांनी हेच केलं होतं. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत नव्वदहून अधिक माणसं मारली गेली. २०१४ मध्ये पुन्हा उठाव झाला. २०१७ च्या संविधानाने पंतप्रधान निवडताना ५०० निवडलेल्या खासदारांसोबत २५० नेमलेल्या सिनेटरांनाही मत दिलं. २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक १५१ जागा जिंकणाऱ्या मूव्ह फॉरवर्ड पक्षाला सिनेटने सरकार बनवू दिलं नाही. ७ ऑगस्ट २०२४ ला न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे एकही उठाव झाला नाही. हे बाबासाहेबांच्या संविधानाचं मोठं यश आहे आणि ते कमी लेखणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला बजावलं होतं की राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता असा विसंगत संसार आपण सुरू करतोय. तो विसंगत संसार नगर जिल्ह्यात कसा चालला, ते पाहा.

१९६१ मध्ये महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. नगर जिल्ह्यात खासगी साखर कारखान्यांकडे हजारो एकर मळे होते. ते सरकारजमा झाले. पण कारखान्याला ऊस कमी पडू नये म्हणून ती जमीन अखंड ठेवायची तरतूद कायद्यातच होती. १९६३ मध्ये शेती महामंडळ आलं. जमीन सरकारची झाली आणि मजूर मजूरच राहिला. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राज्याची करा म्हटलं होतं, ते कुणी जमीनदार राहू नये आणि कुणी भूमिहीनही राहू नये म्हणून. इथे अर्धीच गोष्ट घेतली गेली. पुढे मूळ खंडकरी शेतकऱ्यांनी अनेक वर्षं लढून आपली जमीन परत मिळवली. त्यांचा हक्क होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या राबलेला भूमिहीन माणूस मालक म्हणून कुणाच्याच हिशेबात आला नाही.

दुसरीकडे सहकार. प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, मग जिल्हाभर कारखाने झाले. त्यातून शाळा, कॉलेजं, दवाखाने उभे राहिले. मी स्वतः अशाच पैशातून उभ्या राहिलेल्या कॉलेजात शिकले, ते नाकारणार नाही. पण कारखान्याचा ऊस-उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो आणि उसाला जमीन लागते. म्हणजे भूमिहीन माणूस आमदार निवडू शकतो, पण ज्या कारखान्यातून आमदार तयार होतो, त्या कारखान्यात त्याला मत नाही. थायलंडमध्ये २५० सिनेटर नेमावे लागले. आपल्याकडे सातबाऱ्यानेच ते काम केलं.

याविरुद्ध आपली माणसं गप्प बसली का? नाही. १ ऑक्टोबर १९६४ ला रिपब्लिकन पक्षाने दिल्लीत संसदेवर मोर्चा नेला आणि मागण्यांचं निवेदन पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दिलं. भूमिहीनांना पडीक जमीन, किमान वेतन, बौद्धांना सवलती, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला. चळवळीच्या नोंदींप्रमाणे तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. बायका कडेवरची पोरं घेऊन गेल्या. आजींचे सासरे त्यातलेच एक.

आता कडू गोष्ट. त्याआधी १९५९ मध्येच पक्ष फुटला होता. बी. सी. कांबळे यांचा गट 'दुरुस्त', दुसरा 'नादुरुस्त'. शिकलेल्या वकील मंडळींचं म्हणणं होतं की सत्याग्रह हा कम्युनिस्टांचा मार्ग, बाबासाहेबांचा मार्ग संविधानाचा. संविधानानंतर सनदशीर मार्ग धरा, असं बाबासाहेब म्हणाले होते हे खरं. पण याच बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोतीविरोधी बिल मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. बिल आणि मोर्चा ही त्यांच्यासाठी दोन टोकं नव्हती. धोतरवाल्या दादासाहेबांना अडाणी समजणारे आपलेच सुशिक्षित आणि इसानच्या शेतकऱ्याला अडाणी समजणारे बँकॉकचे पिवळे शर्टवाले, यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. आज मी एम.ए. झाले आहे, म्हणून हे आधी स्वतःला सांगते.

दादासाहेबांवर माझी श्रद्धा आहे, पण प्रश्न त्यांनाही आहे. १९६७ च्या सुमारास त्यांच्या गटाने काँग्रेसशी युती केली. ज्या सत्तेकडे जमीन मागितली, तिच्याच मांडवात आपण जाऊन बसलो. काही जागा मिळाल्या, मागणी मागे पडली. थायलंडमध्येही २२ ऑगस्ट २०२३ ला थाकसिन परदेशातून परतले आणि त्याच दिवशी त्यांच्या पक्षाने लष्कराच्या बाजूच्या पक्षांना घेऊन सरकार बनवलं. २०१० मध्ये ज्यांची पोरं गेली, त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल? राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी उगाच सांगितलं नव्हतं.

राहिला मुलाचा प्रश्न. बौद्ध देशात असं का? कारण राजाने आणि लष्कराने तिथे धम्म आपल्या बाजूला बांधून घेतला. तिथे भिक्खूंना मतदानाचा अधिकार नाही, पण सत्तेला आशीर्वाद द्यायला मुभा आहे. १९७६ मध्ये कित्तिवुत्थो नावाच्या भिक्खूने कम्युनिस्टांना मारणं पाप नाही असं सांगितलं आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली. बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या यासाठीच. मूर्ती आणली म्हणजे समता येते असं नाही.

मुलाला मी एवढंच सांगितलं की मूर्ती तिकडून आली आहे, तिची पूजा करू. पण आजींच्या सासऱ्यांचं जेलचं वर्ष, त्यांनी मागितलेला गट नंबर, हे कुणी वहीत लिहिलंय का? तो आता दर रविवारी वस्तीवरच्या म्हाताऱ्यांकडून ते लिहून घेतोय. कुणाच्या घरी जुने कागद असतील तर जपून ठेवा. मागणी अजून संपलेली नाही.

जय भीम.