‘फॉर एव्हर’ म्हणजे नेमकी किती वर्षे? (धागा)

‘फॉर एव्हर’, कायद्याच्या भाषेत ‘इन पर्पेच्युइटी’. कोशातला अर्थ सोपा आहे : कायमचे, निरंतर. पण हेच क्रियाविशेषण जमिनीच्या कागदावर उमटले की त्याची मुदत कोण ठरवतो?

आपल्याकडचा जुना प्रतिशब्द ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेतो. मध्ययुगीन दानशिळांच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले दिसतात, ते याचसाठी. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही दानाची मुदत कळावी. क्रियाविशेषण चित्रात लिहिण्याची ही रीत मला फार विलक्षण वाटते. पुढे इनामांच्या सनदांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ हा प्रयोग रूढ झाला. फरक लक्षात घ्या : पहिल्या प्रयोगात काळ आकाशाला बांधलेला आहे, दुसऱ्यात कुळाला. वंश खुंटला की दुसरी मुदत संपते.

६ जानेवारी १८१८. महिदपूरच्या पराभवानंतर मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्यातील व त्याच्या दक्षिणेकडील आपला सर्व मुलूख, खानदेशातील ठाण्यांसह, इंग्रजांना कायमच्या सार्वभौमत्वाने तोडून दिला. चोपड्याहून उत्तरेला दिसणारी डोंगररांग त्या कलमात सीमा म्हणून आली आहे. ते ‘कायमचे’ १९४७ पर्यंत, म्हणजे १२९ वर्षे टिकले.

ज्यांनी स्वतःसाठी हा शब्द लिहून घेतला, त्यांनीच इतरांच्या सनदांतील तोच शब्द तपासायला घेतला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. सनद कोणी दिली, देणाऱ्याला तो अधिकार होता का, वहिवाट किती पिढ्यांची, असे प्रश्न सुरू झाले. घरात जपलेला कागद वाळवीने खाल्ला असेल, तर ‘वंशपरंपरेने’ सिद्ध करायचे कसे? या चौकशीने दख्खनभर असंतोष पसरला.

अखेर १८६३ च्या कायद्याने तडजोड काढली : आकाराचा चौथा हिस्सा आणि रुपयामागे एक आणा नजराणा दरसाल भरा, चौकशी टळेल आणि जमीन वारसाहक्काने चालेल. थोडक्यात, ‘कायमचे’ या शब्दाला दर लागला. व्यक्तिगत इनामे पुढे मुंबई राज्याच्या १९५२ च्या निर्मूलन कायद्याने संपली.

तुमच्या गावच्या शिवारात चंद्रसूर्य कोरलेला दगड असेल, तर छायाचित्र खाली जोडा. मात्र शेंदूर खरवडू नका.