कावीळ : बाडांतील शब्द आणि रक्तांतील साक्ष

जुन्या दफ्तरांची पाहणी करितांना वैद्यकीचीं बाडें वारंवार हातीं येतात. राजकीय पत्रांच्या शोधांत असलेला संग्राहक तीं बहुधा बाजूस सारतो. फार तर एखाद्या पानावर ‘कावीळ’ हा शब्द पाहून त्या सालीं त्या गांवीं काविळीची सांथ होती, असें टिपण करून मोकळा होतो. असें टिपण कितपत ग्राह्य धरावें आणि अशा नोंदीस पुराव्याचें मोल केव्हां येतें, एवढाच विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, कावीळ हें लक्षणाचें नांव आहे, रोगाचें नव्हे. रक्तांतील जीर्ण तांबड्या पेशी मोडल्या म्हणजे बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य निघतें. यकृताच्या पेशी तें ओढून घेतात, पाण्यांत विरघळेल असें करितात व पित्तावाटे आंतड्यांत सोडतात. या मार्गांत कोठेंहि बिघाड झाला कीं डोळे पिवळे दिसतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सोळाव्या अध्यायांत पांडुरोगाबरोबर कामलेचें निरूपण आहे. तीळ वाटून केलेल्या पिठासारखा पांढुरका मल होणारी कामला तेथें वेगळी काढली असून, पित्ताचा मार्ग कफानें अडल्यामुळें ती होते, असें कारण दिलें आहे. पित्त आंतड्यांत न पोंचल्यास मलाचा रंग जातो, हें निरीक्षण आजहि खरें ठरतें. तथापि पित्तखडा, विषबाधा, हिंवताप व विषाणु या सर्वांनीं डोळे पिवळे होऊं शकतात. केवळ शब्दावरून रोग ठरविणें म्हणूनच धोक्याचें आहे.

विषाणूंपैकीं ‘ए’ व ‘ई’ हे मुख्यतः दूषित पाण्यावाटे पसरतात. ‘बी’ व ‘सी’ रक्तावाटे. ते यकृताच्या पेशींत शिरून आपल्या प्रती काढतात. पण पेशींचा जो नाश होतो तो बहुतांशीं विषाणूच्या हातून होत नाहीं. बाधित पेशी प्रथम इंटरफेरॉन नांवाचीं द्रव्यें सोडून शेजारच्या पेशींस सावध करितात. मागाहून शरीराच्या संरक्षक पेशी येऊन बाधित पेशी वेचून मारितात. गडावर शिरलेला शत्रु हुसकण्यासाठीं गडाचाच तट पाडावा लागावा, तसा हा प्रकार आहे. मात्र यकृत हा तट पुन्हा बांधूं शकतें. उरलेल्या पेशी दुणावतात व झीज भरून काढतात. उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला तरी थोड्याच दिवसांत त्याचें वजन पूर्ववत् होतें, असें 1931 सालच्या प्रयोगांत दिसून आलें. ‘बी’ व ‘सी’ वर्षानुवर्षें ठाण मांडून बसले तर डागडुजीच्या जागीं चिवट तंतु साचतात, यकृत गांठाळ होतें व क्वचित् कर्करोगहि उद्भवतो. पाण्यावाटे आलेल्या रोगांतून वांचलेल्याचें यकृत मात्र बहुधा मागें खूण ठेवीत नाहीं. खूण राहते ती रक्तांत, त्या विषाणूविरुद्ध तयार झालेल्या प्रतिद्रव्यांच्या रूपानें. यकृत आपला कागद पुसतें. रक्त त्याची नक्कल राखतें.

या नकलेचें मोल दिल्लीच्या सांथींत दिसून आलें. यमुनेच्या प्रवाहांत बदल होऊन शहराचें सांडपाणी वझिराबादच्या उपशाच्या जागीं शिरलें, आणि डिसेंबर 1955 ते जानेवारी 1956 या काळांत सुमारें 29,300 लोकांस कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांत मृत्यु विशेष झाले. ही सांथ ‘ए’चीच, असें दीर्घकाळ मानलें गेलें. ‘ए’ विषाणु 1973 सालीं दिसला व त्याची रक्तपरीक्षा उपलब्ध झाली. पुण्याची राष्ट्रीय विषाणु संस्था 1952 सालीं विषाणु संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली होती. तिच्या संशोधकांनीं अमेरिकेंतील सहकाऱ्यांसह दिल्लीचें जपलेलें रक्तजल, तसेंच अहमदाबाद (1975-76) व पुणें (1978-79) येथील रक्तजल तपासून 1980 सालीं दाखविलें कीं, या सांथी ‘ए’च्या नव्हत्या व ‘बी’च्याहि नव्हत्या. मग कशाच्या? 1983 सालीं रशियन संशोधक बालायान यांनीं स्वतः संसर्ग पत्करून नवा विषाणु शोधला. 1990 सालीं त्याची जनुकरचना हातीं आली. परीक्षा तयार होतांच दिल्लीच्या जुन्या रक्तजलांत ‘ई’चीं प्रतिद्रव्यें मिळालीं. कोल्हापूरच्या 1981 सालच्या सांथीचें कारणहि पुढें ‘ई’च ठरलें. रक्त घेणाऱ्यांस ज्या विषाणूचें नांवहि ठाऊक नव्हतें, त्याची साक्ष त्यांच्या संग्रहानें दिली.

ही साक्ष उपयोगी पडली, कारण रक्त कोणाचें, कोठलें व केव्हांचें, याची नोंद शाबूत होती. बाडांचाहि न्याय हाच. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेचें बोनकोडे गांव घ्या. 1970 सालीं सिडकोची स्थापना झाली, भोंवतीं नवी मुंबई वसली, 1992 पासून तेथें महानगरपालिकेचा कारभार आहे. अशा गांवच्या घरांत एखादें बाड मिळालें, तर काविळीच्या औषधाची नक्कल घेऊन थांबूं नये. महिना कोणता, एकाच वेळीं किती घरें आजारी पडलीं, पाणी कोणत्या विहिरीचें, मलाचा रंग सांगितला आहे काय, गर्भवती दगावल्या काय, हें सर्व पाहावें. अनेक घरें, एक पाणी आणि गर्भवतींचे मृत्यु इतकें एकत्र आलें तर ‘ई’चा तर्क करितां येईल, निर्णय मात्र तेवढ्यानें होत नाहीं. जुन्या विहिरींच्या जागाहि नकाशावर टिपाव्या, कारण शहर वाढलें कीं त्या प्रथम बुजतात.

दिल्लीचें रक्तजल निरुपयोगी म्हणून टाकलें असतें तर आज तो निकाल लागता ना. बाडें बाजूस सारणाऱ्या संग्राहकांनीं एवढें मनांत ठेवावें, ही विनंती.