एम्प्रेस गिरणीची पुष्पिका

पुष्पिका गळालेल्या पोथीचें मोल किती उणावतें, हें त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको. ग्रंथ हातीं असतो. परंतु लेखक, स्थल व काल हीं तिन्ही हरपतात. जुन्या कापडगिरणीच्या अवशेषांसहि हाच न्याय लागतो, असें आमचें मत आहे.

मोताळ्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या गांवीं बसून गिरणीचा विचार केला म्हणजे नागपूरची एम्प्रेस गिरणी प्रथम आठवते. मलकापुरावरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्यें नागपुरास पोहोंचला. वऱ्हाडचा कापूस व वरोऱ्याचा कोळसा जवळ पाहून जमशेटजी टाटांनीं १८७४ मध्यें कंपनी काढली. १ जानेवारी १८७७ रोजीं गिरणीचें उद्घाटन झालें; त्याच दिवशीं दिल्ली दरबारांत व्हिक्टोरिया राणीची ‘एम्प्रेस’ ही पदवी जाहीर झाली, म्हणून तें नांव. पुढें १९८६ मध्यें कायद्यानें ती राज्याच्या मालकीची झाली व २००२ मध्यें बंद पडली. आज त्या जागेच्या कांहीं भागावर व्यापारी संकुल उभें आहे.

टाटांच्या उद्योगांचे कागद जपण्यासाठीं पुण्यास १९९१ मध्यें स्वतंत्र संग्रह स्थापन झाला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु संचालकांच्या कागदांत मालकाची बाजू विशेष दिसते. हजेरीपट, पगारचिठ्ठ्या, कापडावरील छाप हे कामगारांच्या घरचे कागद. ते रद्दींत जाण्यास वेळ लागत नाहीं.

कागदांबरोबर शब्दहि जातात. गिरण्यांत कांतणीच्या खात्यास ‘त्रासन’ म्हणत. संस्कृताभ्यासी येथें ‘त्रस्’ धातूकडे धांवेल. वस्तुतः तो ‘थ्रॉसल’ या जुन्या चातीच्या इंग्रजी नांवाचा अपभ्रंश दिसतो. एम्प्रेस गिरणींत आरंभीं याच जातीच्या चात्या होत्या. पुढें बेझनजी मेहतांच्या व्यवस्थापनाखालीं तेथें रिंग चाती आली. म्हणजे यंत्र गेलें तरी त्याचें नांव कामगारांच्या बोलींत राहूं शकतें. संग्रहालयांत कांचेआड ‘जुनी चाती’ एवढीच चिठी लावल्यास हा सारा इतिहास मुका होतो. वस्तु कोणत्या खात्यांतली, कोणत्या सालची, ती चालविणारे तिला काय म्हणत, हें शेजारीं लिहिलेंच पाहिजे. यंत्रावरील कारखानदाराच्या नांवाची ओतीव पाटी तर भंगारवाल्याच्या हातीं जाण्यापूर्वींच उतरून घ्यावी.

मोडी रुमालांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या संग्राहकांनीं आतां गिरणीकामगारांच्या घरींहि जावें. सांपडलेल्या कागदाच्या पाकिटावर नांव, खातें व साल शिसपेन्सिलीनें लिहावें, आणि मूळ घरीं ठेवून नक्कल मंडळाकडे धाडावी.